शितावरून भात, दहा वावरांवरून मंडळ!

एक्झिट पोल असो, ऑफिसचा फीडबॅक फॉर्म असो की बाबांच्या सोयाबीनचा विमा... सगळीकडे राज्य आहे ते ‘सॅम्पल’चं. थोड्यांना विचारून सगळ्यांबद्दल बोलायची ही कला नेमकी चालते कशी? आणि फसते कुठे? अमरावती-अकोल्याच्या वावरात त्याचं उत्तर शोधायचा हा प्रयत्न.

ऑफिसच्या कॅन्टीनमधला फीडबॅक फॉर्म कोण भरतं, कधी बघितलंय? एक तर ज्याच्या पोह्यात केस निघाला तो, नाहीतर ज्याला लंचनंतर डेस्कवर परत जायची अजिबात घाई नाही तो. उरलेले सगळे मुकाट्याने जेवतात, ट्रे ठेवतात आणि मीटिंगला पळतात. महिनाअखेर मात्र एचआरचा मेल येतो, ‘बहुसंख्य कर्मचारी कॅन्टीनवर नाराज!’ बहुसंख्य कर्मचारी? छे हो. फॉर्म भरणाऱ्यांपैकी बहुसंख्य. या दोन वाक्यांमध्ये जेवढं अंतर आहे, तेवढंच या लेखात सांगायचंय.

आपल्याकडे याला एक फक्कड म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. आई पातेल्यातलं एक शीत चिमटीत दाबते आणि गॅस बंद करते. अख्खा भात चाखत नाही. सामाजिक संशोधन करणारी मंडळी तरी वेगळं काय करतात? हजार लोकांना विचारायचं आणि लाखोंबद्दल बोलायचं. फक्त एक लोचा आहे. पातेल्यातला भात सगळीकडे सारखाच शिजतो. माणसं आणि वावरं तशी शिजत नाहीत!

१९,७३१ मतांची गोष्ट

सुरुवात निवडणुकीपासून करू, कारण ‘सर्व्हे’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर तेच येतं. २०२४ च्या लोकसभेत बहुतेक एक्झिट पोल एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवत होते. प्रत्यक्षात आल्या २९३ जागा. टीव्हीवरच्या मंडळींचे चेहरे तुम्हाला आठवत असतीलच.

पण देश सोडा, अमरावतीकडे या. तिथे काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी भाजपच्या नवनीत राणा यांना हरवलं. फरक किती? १९,७३१ मतांचा. साधारण पावणेबारा लाख मतं पडली होती. म्हणजे फरक दोन टक्क्यांच्याही आत. आता समजा, एखाद्या एजन्सीने मतदानानंतर अमरावतीत हजार लोकांना गाठलं. निवड अगदी चोख, सगळ्यांनी खरं सांगितलं, एकही माणूस खोटं बोलला नाही. तरी त्या एजन्सीला विजेता ठामपणे सांगता आला असता का?

नाही. इथे एक गणित आहे, पण घाबरू नका, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं. १०० ला सॅम्पलच्या वर्गमूळाने भागा. हजार माणसांचं वर्गमूळ साधारण ३२, म्हणजे उत्तर आलं ३ च्या आसपास. हीच ती ‘तीन टक्के कमी-जास्त’ वाली चूक, जी टीव्हीच्या पडद्यावर सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात असते. मराठीत तिला नमुना त्रुटी म्हणतात. त्रुटी म्हटलं की कुणीतरी चुकलंय असं वाटतं. इथे कुणीही चुकलेलं नसतं. तुम्ही सगळ्यांना न विचारता काही जणांना विचारलंत, त्याची ही किंमत.

आणि ही तीन टक्क्यांची चूक एका उमेदवाराच्या मतांत झाली. दोघांमधला फरक काढायला गेलात तर ती जवळपास दुप्पट होते, कारण एकाचं वाढलं की दुसऱ्याचं बहुधा कमी होतं. अमरावतीतला तो फरक खात्रीने पकडायचा, तर एकट्या अमरावतीत साधारण १२ हजार लोकांना विचारावं लागलं असतं. देशभरात पाच लाखांहून मोठा सॅम्पल घेणारी एजन्सीसुद्धा ५४३ मतदारसंघांत विभागली की एका मतदारसंघाच्या वाट्याला हजारभर माणसं येतात. झालं की मग!

शेजारच्या अकोल्यातही तेच. भाजपचे अनुप धोत्रे ४०,६२६ मतांनी जिंकले, काँग्रेसचे अभय पाटील दुसरे, प्रकाश आंबेडकर तिसरे. फरक साडेतीन टक्क्यांच्या घरात. हजारांच्या सॅम्पलसाठी हाही धुक्यातलाच सामना.

एक गंमत लक्षात आली का? या गणितात लोकसंख्या कुठेच आली नाही. अमरावती जिल्हा असो की अख्खा भारत, हजार माणसांची चूक तेवढीच, तीन टक्के. चूक निम्मी करायची तर सॅम्पल दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. म्हणून सर्व्हे कंपन्या हजार-दोन हजारांवर थांबतात. त्यापुढे खर्च धावतो आणि अचूकता रांगते.

राजकमल चौकात उभं राहून...

मी मास कॉम शिकत होते तेव्हा ‘जनमत’ घ्यायचं म्हणजे एखाद्या चौकात माईक घेऊन उभं राहायचं, हे ठरलेलं. अमरावतीत म्हणाल तर राजकमल चौक, अकोल्यात म्हणाल तर टॉवर चौक. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवायचं, बाईट घ्यायचा, पॅकेज तयार! टीव्हीसाठी झकास. संशोधनाच्या भाषेत मात्र याला सोयीचा नमुना म्हणतात. सोय कुणाची? आपली.

विचार करा, दुपारी साडेबाराला राजकमल चौकात कोण भेटेल? कॉलेजची पोरं, खरेदीला आलेली माणसं, ऑटोवाले. मेळघाटातलं कोरकू कुटुंब तिथे भेटेल? वरूड-मोर्शीचा संत्रा बागायतदार? दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यातली, कापूस वेचायला गेलेली बाई? ती त्या वेळी वावरातच असणार ना!

२०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या होती २८.८८ लाख. त्यातला साधारण दहावा हिस्सा धारणी आणि चिखलदरा या मेळघाटातल्या दोन तालुक्यांत. तुमच्या हजारांच्या यादीत तिथले शंभर नसतील, तर तुम्ही अमरावती जिल्ह्याचा सर्व्हे केलेलाच नाही. तुम्ही एका चौकाचा सर्व्हे केलात.

यावर उपाय आहेत आणि ते जुने आहेत. पहिला, यादृच्छिक निवड. मतदारयादी घ्या, चिठ्ठ्या टाका किंवा कॉम्प्युटरकडून आकडे काढा, ज्याचं नाव निघेल त्याच्याच दारात जा. तो घरी नसेल तर परत जा, शेजाऱ्याला विचारून मोकळे होऊ नका. दुसरा, स्तर पाडणे. आधी मेळघाट, संत्रापट्टा, खारपाणपट्टा, शहर असे गट करायचे आणि प्रत्येकातून त्याच्या वाट्याइतकी माणसं घ्यायची. तिसरा, समूह. आधी गावं निवडायची, मग गावातली घरं. यात प्रवासाचा खर्च वाचतो, पण एक मेख आहे. एकाच गावातली वीस माणसं एकमेकांसारखी असतात. पाऊस तोच, बँक तीच, पुढारीही तोच. म्हणजे वीस माणसं विचारली तरी माहिती आठ-दहांचीच मिळते, आणि ती तीन टक्क्यांची चूक गुपचूप वाढते.

आणि या सगळ्याच्या आधी लागते यादी. ती चुकली की संपलं. आता बघा, अमरावती जिल्ह्यातले मोर्शी आणि धामणगाव रेल्वे हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला वर्ध्यात मोडतात. अकोला लोकसभेत वाशीम जिल्ह्यातलं रिसोड येतं. मुंबई-पुण्यात बसून ‘अमरावती म्हणजे अमरावती जिल्हा’ असं धरून चालणारा पोलवाला वरूडच्या माणसाला वानखडे की राणा असं विचारत बसेल. तो बिचारा सांगेलही काहीतरी!

मोठा आकडा म्हणजे खरा आकडा, या गैरसमजाचा निकाल तर अमेरिकेत १९३६ सालीच लागलाय. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने जवळपास एक कोटी कार्डं पाठवली. वीस लाखांहून जास्त परत आली. अंदाज काढला की लँडन जिंकणार. जिंकले रूझवेल्ट, ४८ पैकी ४६ राज्यांत. नावं टेलिफोनच्या आणि मोटारगाड्यांच्या याद्यांमधून उचलली होती, आणि मंदीच्या त्या काळात फोन आणि गाडी कुणाकडे होती? शिवाय ज्यांना राग होता त्यांनीच कार्डं जास्त परत पाठवली. कॅन्टीनच्या फीडबॅक फॉर्मचे पणजोबाच म्हणायचे.

अकोला, १९४२

आता थोडं मागे जाऊ. आणि अभिमानाने जाऊ, कारण या सगळ्या शास्त्राचा एक महत्त्वाचा धागा आपल्या वऱ्हाडातूनच जातो.

पूर्वी पीक किती आलं हे ठरायचं नजरेने. अधिकारी वावराच्या बांधावर उभा राहायचा आणि म्हणायचा, ‘दहा आणे पीक.’ सोळा आणे म्हणजे एकदम फर्स्ट क्लास. म्हणून त्याला नाव पडलं आणेवारी. आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. आजही डिसेंबरअखेर अमरावती विभागाची अंतिम पैसेवारी जाहीर होते आणि ती ५० पैशांच्या खाली आहे की वर, याकडे गावंच्या गावं डोळे लावून बसतात. खाली असेल तर जमीन महसुलात सूट, कृषी पंपाच्या बिलात सवलत आणि पोरांची परीक्षा फी माफ.

नजरेवर किती विसंबायचं, हा प्रश्न इंग्रजांच्या काळातच पडला होता. तेव्हा वऱ्हाड म्हणजे कापूस आणि कापूस म्हणजे पैसा. गिरण्यांना, व्यापाऱ्यांना, सरकारला पीक किती येणार ते आधी कळायला हवं होतं. १९४२-४३ मध्ये इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीच्या पुढाकाराने अकोला जिल्ह्यात एक प्रयोग झाला. वि. गो. पानसे आणि रा. ज. कळमकर या दोन संख्याशास्त्रज्ञांचं ते काम. नजर बाजूला ठेवली. गावं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडायची, त्या गावांतली वावरं तशीच निवडायची, वावरातला एक तुकडाही तसाच निवडायचा आणि त्या तुकड्यातला कापूस खरोखर वेचून काट्यावर तोलायचा. तेवढ्या तुकड्यांवरून सबंध जिल्ह्याचा अंदाज. आणि सोबत तो अंदाज किती चुकू शकतो, त्याचाही आकडा!

त्याच सुमारास सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले पां. वा. सुखात्मे गव्हाच्या आणि भाताच्या पिकांवर हेच करत होते. पुढे पानसे आणि सुखात्मे यांनी मिळून लिहिलेलं १९५४ चं पुस्तक देशभरातल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या अभ्यासलं गेलं. आज ‘पीक कापणी प्रयोग’ म्हणून जे सगळ्या देशात चालतं, त्याची पाळंमुळं या कामात आहेत.

यात एक जोरदार वादही झाला. समोर होते साक्षात प्रशांतचंद्र महालनोबिस, भारतीय संख्याशास्त्राचे भीष्माचार्य. त्यांचं म्हणणं, छोटे छोटे तुकडे घ्या पण भरपूर घ्या. सुखात्मे म्हणाले, तुकडा फार छोटा घेतलात तर उत्पन्न फुगून येतं. का? कारण काठावरचं रोप आत धरायचं की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हातात असतो आणि हात बहुधा ‘आत’ म्हणतो. १० बाय ५ मीटरच्या तुकड्याला काठ असतो ३० मीटरचा, क्षेत्र ५० चौरस मीटर. एक बाय एक मीटरच्या तुकड्याला काठ ४ मीटरचा आणि क्षेत्र एकच चौरस मीटर. क्षेत्राच्या हिशेबाने काठ जवळपास सातपट!

या वादातला मुद्दा आजच्या प्रत्येक डेटावाल्याने डेस्कवर चिकटवून ठेवावा असा आहे. नमुना त्रुटी सॅम्पल वाढवला की कमी होते. पण हात एकाच बाजूला झुकत असेल, तर हजार तुकडे कापलेत तरी चूक तेवढीच राहते. उलट ती आणखी ठाम वाटायला लागते.

‘मायं वावर तं कोनी पाह्यलंच नाही’

सोयाबीनच्या हंगामात अकोला तालुक्यातल्या एका गावात मी असा कापणी प्रयोग बघायला गेले. आकड्यांवरून ठरलेलं वावर, वावराचा कोपरा, कोपऱ्यापासून मोजलेली पावलं आणि मग दोरी-खुंट्या लावून आखलेला १० बाय ५ मीटरचा आयत. कापणी झाली, मळणी झाली, दाणे तोलले गेले, मोबाईलवर फोटो निघाले. सगळं रीतसर. बांधावर बरेच जण जमले होते. त्यातले एक काका मला बाजूला घेऊन म्हणाले, “मायं वावर तं कोनी पाह्यलंच नाही ना माय. दहा वावरं कापली अन् आख्ख्या मंडळाचा निकाल लावला. हे काऊन?”

या प्रश्नाचं अर्धं उत्तर आईच्या भातात आहे. प्रत्येक शीत दाबायची गरज नसते. उरलेलं अर्धं मात्र काकांच्या बाजूने आहे. ते नीट समजून घेऊ, कारण इथे पैशाचा प्रश्न आहे.

पंतप्रधान पीक विमा योजनेत नुकसान प्रत्येक शेताचं मोजत नाहीत, एका ‘विमा क्षेत्रा’चं मोजतात. आपल्याकडे प्रमुख पिकांसाठी ते क्षेत्र म्हणजे बहुधा महसूल मंडळ. एका मंडळात कित्येक गावं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंडळाला किमान १० कापणी प्रयोग. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी घ्यायची, तिचे ७० टक्के म्हणजे उंबरठा उत्पन्न. प्रयोगांची सरासरी त्याच्या खाली गेली, तर जेवढी खाली तेवढी भरपाई, मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला. वर राहिली तर कुणालाच काही नाही.

आता आकडे बघा. ५० चौरस मीटर म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. तुकड्यातून निघालेल्या वजनाला २०० ने गुणायचं. म्हणजे काट्यावर अर्धा किलो इकडेतिकडे झालं, तर कागदावर हेक्टरी एक क्विंटल इकडेतिकडे. अर्धा किलो म्हणजे फार तर चार-पाच ओंजळी दाणे!

वजन अगदी बरोबर केलं असं धरू. तरी दहा तुकड्यांची नमुना त्रुटी उरतेच. एकाच मंडळात कुणाची जमीन भारी, कुणाची हलकी, कुणाकडे विहीर, कुणाकडे नाही. समजा, एका वावरातून दुसऱ्या वावरात उत्पन्न सरासरीच्या ३० टक्क्यांनी वर-खाली होतं. मग दहा तुकड्यांची सरासरी खऱ्या आकड्यापासून साधारण १९ टक्के कुठल्याही बाजूला जाऊ शकते. उदाहरण घ्या. उंबरठा १००० किलो, खरं उत्पन्न ८०० किलो, विमा रक्कम ५० हजार. हक्काची भरपाई १० हजार. पण दहा तुकडे कुठले निघतात त्यावर आकडा ६५० ही येऊ शकतो आणि ९५० ही. म्हणजे हातात कधी साडेसतरा हजार, कधी अडीच हजार. कुणीही लबाडी केलेली नाही. चिठ्ठ्या तशा निघाल्या, बस्स.

१९४२ मध्ये प्रश्न होता, अकोला जिल्ह्यात कापूस किती? त्यासाठी जिल्हाभरातले तुकडे एकत्र धरले जायचे आणि वर-खाली होणारे आकडे एकमेकांना सांभाळून घ्यायचे. राज्याच्या एकूण उत्पादनासाठी आजही ही पद्धत उत्तम आहे. आज मात्र त्याच पद्धतीला आपण विचारतोय, या मंडळात किती? आणि काका विचारतायत, माझ्या वावरात किती? प्रश्न जिल्ह्यावरून मंडळावर आणि मंडळावरून वावरावर आला. शितं मात्र दहाच.

ही बाब २०२५ पासून जास्तच टोकदार झाली. २०२३ च्या खरिपात महाराष्ट्राने एक रुपयात पीक विमा आणला होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला, शेतकऱ्याचा हप्ता परत सुरू झाला आणि स्थानिक आपत्ती, काढणीनंतरचं नुकसान असे वेगवेगळे निकष वगळून भरपाई फक्त कापणी प्रयोगांतून येणाऱ्या उत्पन्नावर ठेवली गेली. म्हणजे त्या खरिपात सगळा भार त्या दोरी-खुंट्यांवर.

मग उपाय? तुकडे वाढवा, असं म्हणणं सोपं. पण प्रत्येक प्रयोगाला माणूस लागतो, दिवस लागतो आणि सोयाबीन सगळीकडे एकाच पंधरवड्यात कापणीला येतं. घाईत केलेल्या चाळीस प्रयोगांपेक्षा नीट केलेले दहा बरे, हे सुखात्मेंनी केव्हाच सांगून ठेवलंय. काही पिकांसाठी आता उपग्रहाच्या अंदाजालाही काही टक्के वजन देतात. उपग्रह प्रत्येक वावर बघतो खरा, पण तो दाणे तोलत नाही. तो हिरवेपणावरून अंदाज बांधतो. एक प्रकारे आणेवारीच, फक्त बांधावरून न करता आकाशातून केलेली! म्हणून दोन्हींची सांगड घालावी लागते. काटा खरं सांगतो पण थोड्या ठिकाणचं, उपग्रह सगळीकडचं सांगतो पण अंदाजाने.

कुणाला विचारलं नाही?

वऱ्हाडातल्या शेतकरी आत्महत्यांवर खूप लिहिलं गेलंय. सॅम्पलच्या बाजूने बघायचं तर दोन कामं आवर्जून आठवावीत अशी आहेत.

मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचे श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये राज्य सरकारला अहवाल दिला. वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली, आत्महत्या झालेली १११ कुटुंबं त्यांनी अभ्यासली. पण ते तिथे थांबले नाहीत. जिथे आत्महत्या झाली नव्हती अशी १०६ शेतकरी कुटुंबंही घेतली. का? कारण फक्त दुःख झालेल्या घरांत जाऊन ‘कर्ज होतं का’ असं विचारलं, तर उत्तर बहुधा ‘हो’च येणार. पण शेजारच्या घरातही तेवढंच कर्ज असेल तर? कर्जाचं वजन कळायला शेजारचं घर बघावंच लागतं. तसं बघितल्यावरही कर्जबाजारीपणाचा फरक ठळक दिसला, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आलं.

आपल्या करिअरच्या पुस्तकांचं काय होतं बघा. दहा यशस्वी उद्योजकांच्या मुलाखती, सगळे पहाटे पाचला उठणारे. पाचला उठून अपयशी झालेल्यांना कुणी विचारलंय का? आमचे दूधवाले काका तर साडेतीनला उठतात!

दुसरं काम त्याच वर्षीचं. अमरावती विभागाचे पाच जिल्हे आणि वर्धा मिळून सहा जिल्ह्यांत सरकारने सॅम्पलच घेतला नाही. दारोदार जाऊन तब्बल १७.६४ लाख शेतकरी कुटुंबांची पाहणी केली. जुलै २००६ मध्ये याच सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं होतं. सगळ्यांनाच विचारलं की नमुना त्रुटी शून्य. मग प्रश्न मिटला? त्या पाहणीत जवळपास तीन चतुर्थांश कुटुंबं संकटात असल्याचं दिसलं. पण ‘संकट’ म्हणजे नेमकं काय, कुठला प्रश्न कसा विचारला, दमलेल्या कर्मचाऱ्याने दिवसातल्या विसाव्या घरात काय लिहून घेतलं, या गोष्टी सगळ्यांना विचारून सुटत नाहीत. तिथे चांगला प्रश्न आणि चांगला विचारणाराच लागतो.

पुढच्या वेळी सर्व्हे वाचताना

‘सर्वेक्षण सांगतं की...’ अशी हेडलाईन किंवा फॉरवर्ड आला, की हे पाच प्रश्न विचारा. कॉफी संपायच्या आत होतं.

एक, विचारलं कुणाला आणि ती नावं कुठल्या यादीतून आली? लिंकवर क्लिक करणाऱ्यांनी स्वतःच स्वतःला निवडलेलं असतं.

दोन, किती जणांना विचारलं आणि किती जणांनी उत्तर दिलं? दुसरा आकडा नसेल तर पहिल्याला अर्थ नाही.

तीन, चूक किती टक्के सांगितलीय? फरक त्या चुकीच्या आत असेल तर ‘आघाडी’ हा शब्द विसरा.

चार, आकडा नेमका कशाचा? राज्याचा सॅम्पल घेऊन ‘अकोल्यातले तरुण म्हणतात’ असं कुणी सांगत असेल, तर त्यात अकोल्याचे तरुण किती होते ते विचारा. पाच निघाले तर हसून सोडून द्या.

पाच, कोण सुटलं? मेळघाट सुटला का, दुपारी वावरात असलेली बाई सुटली का, रात्रपाळीवाले सुटले का?

आणि तुमच्यापैकी ज्यांच्या बाबांच्या नावावर गावाकडे पाच-सात एकर आहे आणि विम्याचा ऑनलाईन अर्ज हिंजवडीतल्या नाहीतर अंधेरीतल्या डेस्कवरून तुम्हीच भरता, त्यांच्यासाठी एक जास्तीचं काम. आपलं महसूल मंडळ कुठलं, त्यात या हंगामात कापणी प्रयोगासाठी कुठली गावं निघाली आणि तारीख काय, हे कृषी सहायकाला किंवा तलाठ्याला एक फोन करून विचारा. वावर तुमचं नसलं तरी त्या दिवशी बाबांना बांधावर जाऊन उभं राहायला सांगा. दोरी ताठ आहे का, काठावरची रोपं कुठे धरली, काटा शून्यावर होता का, एवढंच बघायचं. चिठ्ठी कुणाच्या नावाची निघेल ते आपल्या हातात नाही. काटा आपल्या हातात नसला, तरी डोळ्यांसमोर नक्की असू शकतो.